तोंडी काढलं, वर राजीनामा मागितला: सही करण्याआधी हिशेब मांडा

प्रश्न : चाकण एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी ८ जुलै २०१९ पासून कामाला आहे. सीएनसी सेटर-ऑपरेटर, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन लावणारा आणि चालवणारा. कंपनीत साधारण १२० माणसं आहेत. दोन वर्षांपूर्वी मला ‘सीनियर सुपरवायझर’ केलं, काम मात्र तेच राहिलं. एकूण पगार ३६,००० रुपये : बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १६,०००, घरभाडे भत्ता १२,०००, प्रवास भत्ता ८,०००. १२ फेब्रुवारी २०२६ ला एचआरने बोलावून सांगितलं, ऑर्डरी कमी झाल्यात, राजीनामा द्या, ‘सगळं धरून’ दोन महिन्यांचा पगार देतो. नाही दिलात तर बडतर्फ करू, मग अनुभवाचा दाखलाही विसरा. मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी गेटवरच अडवलं. हातात कागद काहीच नाही. पीएफ दर महिन्याला पगारातून कापतात, पण गेल्या जुलैपासून पासबुकात सात महिन्यांच्या नोंदी नाहीत. रुजू होताना दोन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या, त्याचीही धास्ती आहे. घराचा हप्ता आहे. सही करून मोकळं व्हावं का? केस केली तर दुसरीकडे काम करता येतं का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : आत्तापर्यंत सही केली नाहीत, हे उत्तम केलंत. पुढचं वाचून होईपर्यंतही करू नका. कारण कंपनी जे ‘सगळं धरून’ देते आहे ते दोन महिन्यांचे ७२,००० रुपये, आणि तुमची नुसती ग्रॅच्युइटीच ७२,६९२ रुपये होते. ती राजीनामा दिला तरी द्यावीच लागते. म्हणजे तुमच्याच हक्काच्या पैशातून ६९२ रुपये कापून ते तुम्हाला भरपाई म्हणून दाखवलं जातंय.

हा आकडा कसा आला ते बघा, कारण उद्या टेबलावर बसाल तेव्हा तो तुम्हाला तोंडपाठ हवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि ‘वेतन’ कशाला म्हणायचं याची व्याख्या बदलली. घरभाडे, प्रवास भत्ता वगैरे वगळलेली रक्कम एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असेल, तर वरचा भाग परत वेतनात धरायचा. तुमचे वगळलेले भत्ते २०,००० आहेत, निम्मा पगार १८,०००. वरचे २,००० बेसिकमध्ये मिळवा : वेतन झालं १८,०००. ग्रॅच्युइटीसाठी शेवटच्या वेतनाला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचं. तुमची सेवा ६ वर्षं ७ महिने. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून ७ वर्षं. १८,००० ÷ २६ × १५ × ७ = ७२,६९२. एचआर जुन्या सवयीने १६,००० धरून ६४,६१५ काढेल. फरक आठ हजारांचा आहे, तो सोडू नका.

राजीनाम्याची सही नेमकी कितीला पडते, ते आता पाहू. राजीनामा दिला काय किंवा काढून टाकलं काय, काही गोष्टी तुमच्याच राहतात : केलेल्या दिवसांचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी, पीएफ, देय असेल तर बोनस. पगाराचा शेवटचा हिशेब नोकरी सुटल्यापासून दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, असं वेतन संहिता सांगते. ‘पुढच्या महिन्यात फुल अँड फायनल करू’ हे उत्तर चालत नाही. ग्रॅच्युइटीला मात्र तीस दिवसांची मुदत असते, त्यानंतर व्याज लागतं.

काम कमी झालं म्हणून मालकाने माणूस कमी केला, तर त्याला कायद्यात कामगार कपात म्हणतात. किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला असं काढायचं तर आधी कारण लिहून एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, किंवा तिच्याऐवजी महिन्याचं वेतन. शिवाय दर वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई. इथे २६ चा भागाकार नाही, महिना तीसच दिवसांचा धरतात, म्हणजे वर्षाला अर्धा महिना : ९,००० × ७ = ६३,०००. त्यात नोटीस पगार किमान १८,०००. आणि नव्या संहितेने आणलेली एक गोष्ट पुष्कळांना अजून माहीत नाही : कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने पुनर्कौशल्य निधीत (नवं काम शिकता यावं म्हणूनचा निधी) १५ दिवसांचं वेतन भरायचं आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यावर जमा व्हायचं. तुमच्या बाबतीत ९,०००. बेरीज ९०,०००.

राजीनाम्यावर सही केलीत की हे ९०,००० जातात, आणि ‘मला बेकायदा काढलं’ म्हणायचा हक्कही त्यासोबत जातो. कंपनीला राजीनामा हवा आहे तो यासाठीच.

आता पुढच्या आठवड्यात काय करायचं ते. अशा प्रकरणांत कंपनीचा बचाव जवळजवळ ठरलेला असतो : ‘आम्ही काढलंच नाही, तोच यायचा बंद झाला.’ तोंडी काढण्यामागचा हिशेब तोच असतो. पत्र नाही, म्हणून पुरावा नाही, आणि महिनाभराने ‘विनापरवानगी गैरहजर’ अशी नोटीस. तेव्हा तुम्ही कामावर यायला तयार होतात आणि गेटवर अडवलं गेलं, हे आजच्या तारखेने कागदावर यायला हवं.

उद्या तुमच्या शिफ्टच्या वेळेला पुन्हा गेटवर जा. एकटे जाऊ नका, कंपनीबाहेरचा एखादा माणूस सोबत घ्या. आतल्या सहकाऱ्याला साक्षीदार करू नका, त्याची नोकरी धोक्यात येते आणि साक्षीच्या वेळी तो फिरतो. सुरक्षा रक्षकाला नोंदवहीत नाव लिहायला सांगा. नाही म्हणाला तर वाद घालू नका. गेटसमोर वेळ-ठिकाण दिसेल असा फोटो काढा आणि तिथूनच, स्वतःच्या खासगी मेलवरून एचआरला मेल टाका. कंपनीचा मेल वापरू नका, तो कधीही बंद होतो आणि पाठवलेलं सगळं त्यातच अडकतं.

मग त्याच दिवशी पत्र. वकिलाची भाषा नको, साधं चालेल :

‘मी दि. ८/७/२०१९ पासून आपल्या कारखान्यात सीएनसी सेटर-ऑपरेटर म्हणून काम करतो. दि. १२/२/२०२६ रोजी मला राजीनामा देण्यास सांगण्यात आले. मी तो दिलेला नाही. दि. १३/२/२०२६ रोजी व त्यानंतर दि. …… रोजी मी माझ्या शिफ्टला हजर झालो असता मला गेटवर अडवण्यात आले. कोणतेही लेखी कारण देण्यात आलेले नाही. मी कामावर हजर होण्यास तयार आहे व होतो. मला त्वरित कामावर घ्यावे, अथवा अडवण्याचे कारण लेखी द्यावे. रुजू होताना माझ्याकडून दोन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या आहेत. त्यांवर राजीनामा, कबुली वा अन्य काहीही लिहिलेले आढळल्यास ते माझ्या संमतीशिवाय लिहिलेले समजावे.’

शेवटची दोन वाक्यं तुमच्या धास्तीवरचं औषध आहेत. कोऱ्या कागदावरचा राजीनामा पुढे आला, तर तो बाहेर येण्याआधीच तुम्ही त्याबद्दल लिहिलं होतं, याला न्यायालयात वजन असतं. राजीनामा आल्यावर ‘सही जुनी आहे’ म्हणणं आणि आधीच सांगून ठेवणं यांत फार अंतर आहे. म्हणून या पत्राला उशीर करू नका.

पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावतीच्या सेवेसह पाठवा. पूर्वी ज्याला आपण रजिस्टर ए.डी. म्हणायचो ती सेवा सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, तेव्हा पोस्टात पोचपावती वेगळी मागून घ्या. एक प्रत कारखान्याच्या पत्त्यावर, एक नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर. ट्रॅकिंगचं ‘डिलिव्हर्ड’ दाखवणारं पान त्याच आठवड्यात छापून ठेवा.

उलट बाजूनेही पत्र येऊ शकतं. कंपनी तुमच्या जुन्या पत्त्यावर, बहुधा गावाकडच्या, ‘तीन दिवसांत हजर व्हा’ असं पत्र पाठवते. ते घरी कुणी घेतलं नाही की ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडतो, आणि कायद्याने ते मिळाल्यातच जमा. म्हणून तुमच्या पत्रात आजचा पत्ता स्पष्ट लिहा, घरी सांगून ठेवा की कंपनीचं कुठलंही टपाल आलं तर घ्यायचं. आणि खरंच बोलावलं तर जा. रागाने न जाणं ही या टप्प्यावरची सगळ्यात महाग चूक. गेलात आणि पुन्हा अडवलं, तर तुमची बाजू आणखी पक्की होते.

इतरांसाठी एक मध्येच : ज्यांनी दबावाखाली सही करून टाकली आहे, त्यांनी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, राजीनामा मागे घेतल्याचं पत्र आणि मेल पाठवावा. कुणी, कुठल्या खोलीत, किती वेळ बसवून, काय धमकी देऊन सही घेतली ते त्यात लिहावं. महिन्याने पाठवलेल्या अशा पत्रावर, दरम्यान खात्यात आलेली रक्कमही वापरून झाली असेल तर, कुणी सहज विश्वास ठेवत नाही. रक्कम परस्पर खात्यात जमा झालीच, तर ‘हक्क राखून, निषेधासह स्वीकारली’ असा मेल त्याच दिवशी टाका. ती परत करायची गरज नसते.

तुमच्या पदाच्या नावाकडे वळतो. बऱ्याच केसेस इथेच घसरतात. चारपैकी औद्योगिक संबंध संहितेचं संरक्षण ‘कामगारा’ला आहे. व्यवस्थापकीय वा प्रशासकीय काम करणारा त्यात येत नाही, आणि देखरेखीचं काम करणारा महिना १८,००० च्या वर वेतन घेत असेल तर तोही बाहेर. कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल, हे तर सीनियर सुपरवायझर, पगार ३६,०००. पण न्यायालय नेमणूकपत्रावरच्या नावाने ठरवत नाही, मुख्य काम काय होतं ते बघतं. तुम्ही मशीन लावत होतात, ऑफसेट देत होतात, पहिला जॉब तपासत होतात, प्रॉडक्शनचा आकडा तुमच्या नावावर चढत होता, तर तुम्ही कामगार. दोन नव्या पोरांना शिकवलंत म्हणून सुपरवायझर होत नाही. रजा मंजूर करायचा, मेमो द्यायचा, कुणाला कामावर घ्यायचा वा काढायचा अधिकार होता का, हे प्रश्न विचारले जातात.

हे सिद्ध कशाने होईल? जॉब कार्ड, शिफ्टचे प्रॉडक्शन रिपोर्ट, मशीनवर तुमचं नाव लावलेल्या शिफ्ट-वाटपाचे फोटो, व्हॉट्सॲपवर आलेले ‘आज ३ नंबर मशीन तू घे’ असे मेसेज, तुमची रजा दुसऱ्या कुणी मंजूर केल्याची नोंद. जे फोनमध्ये आधीपासून आहे ते जपा, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका. मोबाइलवरचा पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्या वेळी मूळ फोन हाताशी असला की भांडण कमी होतं. हजेरीचं ॲप अजून उघडत असेल तर मागच्या महिन्यांचे स्क्रीनशॉट आजच घ्या. मात्र कंपनीची ड्रॉइंग, ग्राहकांच्या फायली, प्रोग्रॅम यांना हात लावू नका. जे तुमचं नाही ते उचललंत, तर आज ज्यांच्याकडे तुम्हाला काढायचं कारण नाही त्यांना ते तुम्हीच मिळवून द्याल.

(खरोखरच मॅनेजर असलेल्या वाचकांनी निराश होऊ नये. वेतन आणि ग्रॅच्युइटीच्या बाबतीत संहिता ‘कर्मचारी’ हा शब्द वापरते आणि त्यात मॅनेजरही येतो. पगार आणि ग्रॅच्युइटीचे हक्क त्यांनाही आहेत. कपातीची भरपाई आणि कामावर परत घेण्याचा हुकूम मात्र कामगारालाच.)

‘बडतर्फ करू’ या धमकीबद्दल. बडतर्फी ही गैरवर्तनाची शिक्षा आहे. तिच्यासाठी लेखी आरोपपत्र, उत्तर द्यायला वेळ, चौकशी, साक्षीदारांना प्रश्न विचारायची संधी, हे सगळं लागतं. तीनशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात चौकशीसाठी निलंबित केलं तर पहिले ९० दिवस निम्मं वेतन निर्वाह भत्ता म्हणून, आणि त्यापुढे चौकशी कामगाराच्या चुकीशिवाय लांबली तर ७५ टक्के. ऑर्डरी कमी झाल्या हे गैरवर्तन नव्हे. ज्या तोंडाने ‘काम नाही’ म्हटलं त्याच तोंडाने ‘गैरवर्तन’ म्हणताना कंपनीची अडचण होते, म्हणून १२ तारखेला नेमके काय शब्द वापरले गेले ते आजच, आठवतात तसे, वहीत लिहून ठेवा. कोण कोण खोलीत होतं, किती वाजले होते, तेही. आणखी एक विचारायचं : तुमच्याच विभागात, तुमच्याच प्रकारच्या कामावर तुमच्यानंतर लागलेली माणसं अजून आहेत का? कपात करताना शेवटी आलेला आधी जायचा हा नियम आहे. तो मोडायचा तर कंपनीला कारण नोंदवावं लागतं.

आता कुठे जायचं. दोन वाटा आहेत आणि दोन्हींवर एकाच वेळी चालता येत नाही.

पहिली, पुण्याच्या अपर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेटासाठी अर्ज. खासगी इंजिनिअरिंग कारखान्यासाठी राज्य सरकारचंच कार्यालय, केंद्राचं नव्हे. तिथून परत पाठवणी होऊन बऱ्याच जणांचा महिना वाया जातो, म्हणून सांगितलं. समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतो. तो निकाल देत नाही, मधे बसतो. जमलं नाही तर तसा अहवाल देतो आणि तुम्ही न्यायाधिकरणाकडे जाता, अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत. जुन्या कायद्यात काढल्यापासून तीन वर्षांपर्यंत जाता येत असे, नव्या संहितेत समेटासाठी दोनच वर्षं आहेत. पूर्वी कुणी ‘तीन वर्षं आहेत, घाई नको’ असं सांगितलं असेल तर ते विसरा.

दुसरी वाट महाराष्ट्राची स्वतःची आहे : १९७१ चा अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायदा, कोर्टाच्या आवारात ज्याला नुसतं ‘यूएलपी’ म्हणतात. छळ म्हणून, खोट्या कारणाने, नियम न पाळता कामावरून काढणं ही त्यात अनुचित प्रथा आहे आणि तिची तक्रार थेट कामगार न्यायालयात करता येते, समेटाची पायरी लागत नाही. अंतरिम हुकूमही मागता येतो. पण मुदत फक्त ९० दिवस. तुमच्या बाबतीत १२ फेब्रुवारीपासून मोजले तर ती १३ मे ला संपते. सबळ कारण दिलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या माफीवरच सहा महिने वाद चालतो. याच कायद्यात असंही आहे की एका वाटेने कार्यवाही सुरू केली की त्याच बाबीसाठी दुसरी वाट बंद. शिवाय नव्या संहितेतही अनुचित प्रथांची यादी आहे, त्यामुळे राज्याच्या कायद्याला कंपनीचा वकील त्या अंगानेही हरकत घेऊ शकतो.

आमचं मत असं : आधी पत्र, मग पंधरा दिवस उत्तराची वाट, आणि तोवर कामगार कायद्याचं काम रोज करणारा वकील किंवा एखाद्या जुन्या युनियनचं कार्यालय गाठून वाट ठरवा. मालमत्तेचे दावे चालवणाऱ्या ओळखीच्या वकिलाकडे स्वस्तात पडतं म्हणून जाऊ नका. मार्चअखेर निर्णय झालेला असावा. मुदतीच्या आत आहात तोवर दोन्ही दारं उघडी आहेत, आणि समोरच्यालाही ते माहीत असतं.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगार असा स्वतंत्र गट आहे. त्याला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. तिथल्या खिडकीवरही कधी आधी उत्पन्नाचा दाखला मागतात. कलम दाखवा.

ठेकेदाराच्या नावावर असलेल्यांसाठी एवढंच, की यूएलपीच्या वाटेत त्यांना आधी अडथळा लागतो. मूळ कंपनी ‘हा आमचा माणूसच नाही’ म्हणाली की तो वाद त्या कायद्याखाली सोडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सिप्लाच्या प्रकरणात सांगितलं आहे. त्यांनी समेटाची वाट धरावी. थकलेल्या पगारासाठी मात्र ठेकेदाराने हात वर केले तर मूळ कंपनी जबाबदार असते.

पीएफचं प्रकरण या सगळ्यापासून वेगळं ठेवा आणि आजच सुरू करा. ते नोकरीच्या वादाच्या निकालावर अवलंबून नाही. दर महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, म्हणजे जानेवारीचाही आता भरलेला दिसायला हवा. १५,००० च्या मर्यादेवर कापत असतील तर तुमचे महिना १,८०० प्रमाणे १२,६०० आणि कंपनीचे तेवढेच, मिळून २५,२०० रुपये अडकलेत. पगारातून कापून न भरणं ही नुसती थकबाकी नाही, विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा धरला जातो, आणि कंपन्या या एका गोष्टीला खरोखर बिचकतात. पीएफच्या तक्रार पोर्टलवर यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा तुमचा पीएफ क्रमांक) टाकून तक्रार नोंदवा, सातही महिन्यांच्या पगारपत्रकांतली कपात आणि पासबुकाची त्याच महिन्यांची रिकामी पानं जोडा. पगारपत्रकं मिळत नसतील तर बँकेचा उतारा लावा आणि कंपनीकडे पगारपत्रकांची लेखी मागणी करा, ती देणं मालकावर बंधनकारक आहे.

पोर्टलवर आणखी एक गोष्ट बघायची, जी सहसा कुणी बघत नाही : सेवा इतिहासात नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण. कंपनी परस्पर तिथे ‘राजीनामा’ असं कारण टाकून देते आणि वर्षभराने तेच तुमच्याविरुद्ध दाखवते. आज तिथे काय आहे त्याचा स्क्रीनशॉट घ्या. पुढे चुकीचं कारण दिसलं तर लगेच लेखी हरकत नोंदवा. आणि वाद चालू असताना पीएफ पूर्ण काढून घेऊ नका, तातडी असली तरी. काढण्याच्या अर्जात नोकरी सोडल्याचं कारण तुमच्याच हाताने भरलं जातं. शिवाय पेन्शनला दहा वर्षं लागतात, तुमची साडेसहा झाली आहेत, पुढच्या नोकरीत तोच यूएएन चालू राहू द्या.

ओव्हरटाइमबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण चाकणच्या कारखान्यात साडेसहा वर्षं काढलीत म्हणून विचारतो : बारा तासांच्या शिफ्टचे जादा तास सरळ दरानेच मिळत होते ना? कायद्याने ते दुप्पट दराने द्यायचे असतात. फरकाचा दावा तीन वर्षांपर्यंत मागे जाऊन करता येतो आणि पैसे दिले होते हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. तडजोडीच्या टेबलावर हा मुद्दा कधी कधी ग्रॅच्युइटीहून मोठा निघतो. हजेरीच्या स्क्रीनशॉटचा दुसरा उपयोग हा.

आणि तडजोड होणार, हे गृहीत धरूनच चला. बेकायदा काढलेल्या कामगाराला परत घेऊन मागचा पगार द्यावा, हा सर्वसाधारण नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या दीपाली गुंडू सुरवसे प्रकरणात पुन्हा सांगितला. पण निकालापर्यंत वर्षं जातात, आणि पुष्कळदा शेवटी कामाऐवजी एकरकमी भरपाईच मिळते. जोवर कंपनीच्या हातात तुम्ही सही केलेला राजीनामा नाही, तोवर तुमचा भाव चांगला आहे. आमच्या हिशेबाने खालची पातळी अशी : ग्रॅच्युइटीचे ७२,६९२ आणि कपातीचे ९०,००० मिळून १,६२,६९२. त्यावर फेब्रुवारीचा पगार, रजेचे पैसे, ओव्हरटाइमचा फरक, आणि पीएफ भरल्याची पावती. याच्या खाली बोलणी सुरूच करायची नाहीत. यावर जे मिळेल ती खरी तडजोड.

करारात ग्रॅच्युइटी, नोटीस, भरपाई, रजा या रकमा वेगवेगळ्या लिहून घ्या, ‘एकूण रक्कम सर्व हक्कांपोटी’ असं एकच वाक्य नको. करार शक्यतो समेट अधिकाऱ्यासमोर करा, खासगी कागदापेक्षा त्याची अंमलबजावणी सोपी असते. रक्कम खात्यात जमा झाल्यावरच सही. पुढच्या तारखेचे चेक घेऊ नका. अनुभवाचा दाखला, त्यातल्या पदासकट आणि तारखांसकट, कराराला जोडपत्र म्हणून लावून घ्या. दाखला नंतर देतो म्हणणारे नंतर फोन उचलत नाहीत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. दुसरीकडे काम करता येतं, आणि हप्ता आहे म्हणजे करावंच. केस त्याने बंद पडत नाही. फक्त मागच्या पगाराचा दावा करताना मधल्या काळात बेकार होतो असं शपथेवर सांगावं लागतं, तेव्हा ज्या महिन्यात कमावलं त्या महिन्याचं खोटं सांगू नका. पीएफची नोंद, बँकेचा उतारा, सगळं कंपनीचा वकील मागवू शकतो, आणि एक खोटं सापडलं की खऱ्या दहा गोष्टींवरचा विश्वास जातो. नव्या ठिकाणी रुजू झाल्याची तारीख आणि तिथला पगार वहीत लिहून ठेवा. आणि तिथे कोरा कागद पुढे आला, तर त्यावर आडवी रेघ मारून, तारीख घालून, मगच सही करा. तिथे नेमणूकपत्रही पहिल्याच आठवड्यात मागा, नव्या संहितेप्रमाणे ते प्रत्येकाला द्यायचंच आहे.